हिरव्या रंगाचा डबा

अर्जात एकूण एकवीस प्रश्न होते. त्यातल्या वीस प्रश्नांपाशी एनिड स्किपिओ कुठेच अडखळली नाही. नाव, जन्मगाव, वय शहात्तर, कुणाकडे उतरणार, परत कधी निघणार, खर्च कोण करणार. सतराव्या प्रश्नाशी मात्र तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि 'होय'च्या चौकोनात पेनानं ठसठशीत खूण केली. खाली दोन ओळींची जागा होती, तिथे कारणही लिहिलं. मग अर्ज घडी करून बहिणीच्या मुलीकडे, देलियाकडे, देऊन टाकला आणि निश्चिंत मनानं मिरच्या वाळत घालायला घरी गेली.

देलिया जेम्सटाउनच्या मोठ्या रस्त्यावर तिकिटांच्या कचेरीत बसायची. सेंट हेलेना बेटावरून विमानानं बाहेर पडणाऱ्या बहुतेक माणसांचे कागद तिच्या हातून जात. आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, तिनं एनिडला बोलावून घेतलं.

"एनिड आंटी, आधी बसा. आणि खरं सांगा, तुम्ही कधी तुरुंगात होतात का?"

"सकाळी सकाळी काय बोलतेस गं?"

"मी नाही बोलत. असेन्शन बेटावर यायची परवानगी देणाऱ्यांनी विचारलंय. कोणत्या गुन्ह्यासाठी तुम्हाला बेटावरून काढलं, कोणत्या साली, आणि पोलिसांचा कागद आहे का सोबत." देलियानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "सतराव्या प्रश्नाला तुम्ही 'होय' म्हणून बसलात."

"मग? सांगितलंच होतं की जायला."

"अहो, ते चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांसाठी असतं!"

"तसं लिहिलंय का? वाच बरं मोठ्यानं."

देलियानं वाचलं, "'यापूर्वी आपल्याला हे बेट सोडून जाण्यास सांगण्यात आले होते काय?'"

"चोरीचं एक तरी अक्षर आहे त्यात?"

मागे बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. म्हातारे मिस्टर क्लिंगम पेन्शनच्या कामाला आले होते, ते म्हणाले, "तसं असेल तर आख्ख्या हाफ ट्री हॉलो वस्तीनं 'होय' लिहायला हवं. तिकडचं काम संपल्यावर मलाही तीनदा जायला सांगितलंय. तिसऱ्यांदा तर जहाज सुटायला दोन दिवस होते आणि माझे कपडे दोरीवर."

"बघ!" एनिड म्हणाली.

"बघायचं काय त्यात? मी इथे बसून हजार अर्ज पाठवले असतील, आंटी. सगळे 'नाही' लिहितात."

"मग हजार जण खोटं बोलले."

देलियानं कपाळाला हात लावला. तिकडे विमान महिन्यातून एकदाच जायचं, दुसऱ्या शनिवारी. माणसांची यादी त्याआधीच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता बंद व्हायची. हातात परवानगीचा कागद नसेल तर विमान कंपनी माणसाला पायरीसुद्धा चढू देत नसे. तिकडे उतरवून परत आणायचं म्हटलं तर तो भुर्दंड कंपनीवर पडायचा. आणि एनिडसाठी हे नोव्हेंबरचं विमान म्हणजे शेवटचंच होतं. तिचा मुलगा लायनेल तिकडे गोदीवर क्रेन चालवायचा. डिसेंबरच्या चौदा तारखेला त्याचं काम संपणार होतं. असेन्शनवर ज्याचं काम आहे तोच राहतो. पाहुण्यासाठी सही करायलाही कामावरचाच माणूस लागतो. लायनेल परत आला की एनिडसाठी सही करणारं तिकडे कुणी उरणार नव्हतं.

"विम्यासाठी किती धावलो आपण, आठवा," देलिया आवाज खाली आणून म्हणाली. "आजारी पडलात तर विमानानं दवाखान्यात हलवायचा विमा. तीन कंपन्यांनी तुमचं वय बघून नाही म्हटलं. चौथीनं दिला तर डॉक्टरचं पत्र मागितलं. डॉक्टरनं जिने चढायला लावले. ते सगळं झालं, आणि आता एका खुणेपायी अडून बसताय? त्यांनीच लिहिलंय खाली, गुन्हा नसेल तर 'नाही' करून पाठवा. मी आत्ता करते. एक बोट लावायचं काम."

"नाही करायचं."

"अहो आंटी!"

"गुरुवारपर्यंत वेळ आहे ना? मग बारा वाजेपर्यंत बोट लावायचं नाही." एनिडनं पिशवी उचलली. ती हट्टाला पेटली की तिची वरची पापणी जरा खाली यायची. देलियाच्या आईचीही तशीच यायची. देलियानं पडदा परत आपल्याकडे वळवला.

घरी आल्यावर एनिडनं कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात लग्नाचा दाखला होता, लायनेलचा जन्मदाखला होता, नवऱ्याचा, विल्फ्रेडचा, मृत्यूचा दाखला होता आणि सगळ्यात तळाशी त्याला असेन्शनवर आलेलं पत्र. कागद पिवळा पडला होता, पण टंकलेखनाची अक्षरं अजून काळीभोर होती. 'आपले काम दिनांक १९ ऑक्टोबर १९९० रोजी संपत असून आपण व आपल्या कुटुंबीयांनी त्याच आठवड्याच्या जहाजाने बेट सोडावे.' खाली वीजघर चालवणाऱ्या कंपनीच्या साहेबाची सही. साहेब वाईट नव्हता. पत्र द्यायला स्वतः घरी आला होता आणि दारात उभ्या उभ्या टोपी हातात फिरवत राहिला होता.

एकोणीस वर्षं राहिली होती ती दोघं तिथे. विल्फ्रेड वीजघरात, ती लष्करी तळाच्या धुलाईघरात. सैनिकांच्या चादरी, अभ्रे, टेबलांची कापडं. अंगण म्हणजे ज्वालामुखीची काळी राख आणि खडी. प्यायचं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याची वाफ थंड करून मिळवलेलं, त्यामुळे झाडाला घालायची कुणाची छाती होत नसे. एनिडनं धुलाईघरातून शेवटच्या खळबळणीचं पाणी बादलीनं आणायला सुरुवात केली. साबण जवळजवळ निघून गेलेला असायचा. त्या पाण्यावर तिनं टू बोट्स वस्तीतल्या घरापुढे एक कण्हेर जगवली. पहिली चार वर्षं ती गुडघ्याएवढीच होती. शेजारणी म्हणायच्या, "एनिड, तुझ्या कण्हेरीला फुलं येतील ती इस्त्री करूनच येतील." पाचव्या वर्षी गुलाबी फुलं आली. त्याच वर्षी लायनेल शाळेत जाऊ लागला. लायनेल तिथल्याच दवाखान्यात जन्मला होता, पण तिथे जन्मलं म्हणून तिथलं होता येत नाही. त्यालाही जहाजावर चढावं लागलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

निघायच्या दिवशी विल्फ्रेडनं गाडी वळणावर थांबवली होती. तिथे रस्त्याच्या कडेला सरड्याच्या आकाराचा एक खडक आहे. बेट कायमचं सोडणारा माणूस त्यावर रंग ओततो. ज्यानं ओतला तो परत येत नाही, असं सगळे मानतात. ज्यांना राग असतो ते ओततात, ज्यांना आनंद असतो तेही ओततात. विल्फ्रेडनं खिडक्यांना लावायचा हिरवा रंग आणला होता. अर्धा डबा त्यानं एका फटक्यात खडकाच्या डोक्यावर रिकामा केला. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मग उरलेला डबा आणि ब्रश त्यानं एनिडपुढे धरला.

"घे. आता तू."

"कपड्यांना डाग पडतील," ती म्हणाली होती.

तिनं ब्रश डब्यात ठेवला, झाकण टाचेनं दाबून बसवलं आणि डबा सामानात टाकला. त्यानंतर त्या डब्याबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही. विल्फ्रेड पुढे पंचवीस वर्षं जगला, पण असेन्शनचं नाव काढलं की उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचा. वीस वर्षांचा झाल्यावर लायनेल तिकडेच कामाला निघाला, तेव्हाही बाप धक्क्यापर्यंत आला आणि जहाजाकडे पाठ करून उभा राहिला. पत्र मात्र त्यानं फाडलं नाही. एनिडला ते त्याच्या मासेमारीच्या सामानात, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं सापडलं, तो गेल्यानंतर. ज्या पत्रानं त्या माणसाची मान असेन्शनकडून कायमची फिरवली, ते पत्र आलंच नव्हतं असं आता आपण खूण करून म्हणायचं, हे काही तिच्या गळी उतरेना.

बुधवारी संध्याकाळी लायनेलचा फोन आला.

"मम्मी, देलियानं सांगितलं सगळं. काय चाललंय तुझं?"

"खरं लिहिलं, एवढंच चाललंय."

"खरंच आहे ते. कोण नाही म्हणतंय?" मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "माझंपण पत्र आलं काल. वाचू? 'आपले काम दिनांक १४ डिसेंबर रोजी संपत असून आपण त्याच दिवशीच्या विमानाने बेट सोडावे.'"

एनिडच्या मांडीवर जुनं पत्र होतं. तिनं बोटानं ती ओळ शोधली. "जहाजाच्या जागी विमान घातलंय फक्त."

"आणि 'कुटुंबीय' काढलंय. मी एकटाच ना."

"साहेब घरी आला होता का द्यायला?"

"कुठला साहेब! फोनवर आलं. मी क्रेनवर होतो."

दोघंही हसली. मग लायनेल म्हणाला, "मम्मी, ऐक. डॅडनं रंग ओतला तेव्हा मी गाडीत मागे बसलो होतो. तुम्हाला वाटलं मी झोपलोय. मी सगळं बघत होतो. सव्वीस वर्षं झाली मला इथे येऊन, पण त्या वळणावरून जाताना मी अजून दुसरीकडे बघतो. शेवटच्या दिवशी मला तिथून एकट्यानं जायचं नाहीये. म्हणून तुला बोलावतोय. कण्हेर दाखवायला म्हणालो होतो, ते आपलं उगाच."

"उगाच? म्हणजे कण्हेर नाही?"

"आहे गं बाई! छपराला टेकलीय. पण त्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल?"

"मी केला असता," एनिड म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ दारात बसून राहिली. खाली बंदरात दोन होड्या परत येत होत्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीतला माणूस हात करत होता, तशी तीही सवयीनं हात करत होती. कोण गेलं हे मात्र तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गुरुवारी साडेअकराला ती तिकिटांच्या कचेरीत हजर झाली. देलिया नखं खात बसली होती.

"लाव बोट," एनिड म्हणाली.

"'नाही'वर?"

"'नाही'वर. मुलाला मी हवी आहे आणि माझ्या 'होय'ला काही विमानाची पायरी चढता येत नाही. पण त्याबरोबर हे दोन कागद पाठवायचे." तिनं पिशवीतून विल्फ्रेडचं पत्र काढलं, आणि एक वहीचं पान. पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'साहेब, प्रश्न तुमचा आहे म्हणून उत्तर तुम्हाला हवं तसं देते. माझ्या नवऱ्यानं तुमच्या बेटाला एकोणीस वर्षं दिवे दिले. मग त्याला जायला सांगितलं आणि तो गेला. त्यानं काही चोरलं नाही. सोबतचं पत्र माझ्या अर्जाला टाचून ठेवावं. एनिड स्किपिओ.'

देलियानं ते वाचलं. "आंटी, याच्यामुळे परत अडकलं म्हणजे?"

"तर अडकलं. पाठव."

पावणेबाराला कागद स्कॅन होऊन गेले. देलियानं यादी बंद करणाऱ्या माणसाला फोन करून पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याच्या कुत्रीला पिल्लं किती झाली तेही विचारलं. बाराला चार मिनिटं कमी असताना परवानगी आली. एका ओळीची होती. पत्राबद्दल त्यात काहीच नव्हतं.

शनिवारी विमानतळावर नेहमीसारखा वारा होता. एनिडनं बॅगेत लायनेलसाठी तिखट फिशकेक घेतले होते. शिजवलेलं चालतं, फळं, बिया, माती चालत नाही, हे देलियानं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. पासपोर्ट, परवानगी, विमा, डॉक्टरचं पत्र, परतीचं तिकीट: पाचही कागद खिडकीवर निमूट पास झाले. देलियानं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून बॅगा तपासणाऱ्यानं हाक मारली. या माणसाचं नाव रेमंड. पण शाळेत दुसऱ्यांची बिस्किटं खायचा म्हणून त्याला आजतागायत सगळे बिस्किट म्हणत.

"एनिड आंटी, हे काय?"

टेबलावर फिशकेकच्या शेजारी गंजलेला पत्र्याचा डबा होता. कडेनं हिरवे ओघळ सुकलेले.

"रंग आहे," एनिड म्हणाली.

देलियानं डोळे मिटून घेतले.

"तो दिसतोय मला. पण कशाला..." बिस्किट मध्येच थांबला. त्याचा बापही तिकडे आठ वर्षं होता. त्यानं आवाज खाली आणला. "सरड्यासाठी?"

"अजून ठरलेलं नाही. लायनेल आणि मी मिळून ठरवू."

"विमानात रंग चालत नाही, आंटी. पेट घेतो. जहाजातून लोक न्यायचे, ते दिवस गेले."

"उघडून तरी बघ."

बिस्किटनं स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं. आत रंग नव्हताच. वाळून, आकसून, खडखडीत हिरवा गोळा झाला होता आणि त्याच्या मधोमध ब्रश उभा रुतलेला. त्यानं नख मारून पाहिलं. "हा कसला पेटतोय! माझ्या डोक्यात घातलात तर मी मरेन, एवढाच धोका."

"मग जाऊ दे ना."

बिस्किट घुटमळला. त्यानं डबा फिरवला, लेबलावरची धूळ अंगठ्यानं पुसली. आगीच्या ज्वाळेचं चित्र अजून स्पष्ट होतं. "नाही जमायचं, आंटी. आत काय आहे ते मी बघायचं नसतं. डब्यावर काय लिहिलंय तेवढंच बघायचं. नियमच तसा आहे."

देलिया पुढे सरकली. आता आंटीची पापणी खाली येणार, विमान निघून जाणार, आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. पण एनिड डब्याकडे बघत उभी राहिली आणि मग हसायला लागली. एवढी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"बरोबर आहे तुझं, बिस्किट. लिहिलंय तेच खरं. मीही परवाच शिकले."

तिनं ब्रशचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. तो हलला नाही. बिस्किटनं चिकटपट्टीवर तिचं नाव लिहून डब्याला लावलं आणि डबा मागच्या फळीवर ठेवला. तिथे आधीच एक मधाची बाटली आणि दोन लायटर होते.

"परत आल्यावर घेऊन जा," तो म्हणाला.

दोन तासांनी ती असेन्शनवर उतरली. काळी राख, लाल डोंगर, आणि नाकाला तोच गरम लोखंडासारखा वास. खिडकीमागे तरुण मुलगी बसली होती. तिनं पासपोर्ट घेतला, नाव वाचलं आणि मान वर केली.

"तुमचं पत्र मी वाचलं. फाइलला लावलंय. टाचणी मारून, तुम्ही म्हणालात तसं."

"बरं केलंस."

मुलीनं शिक्का मारला आणि त्यावर तारीख लिहिली. "चौदा डिसेंबर. त्या तारखेला निघायचं, विसरू नका हं."

"म्हणजे जायला सांगितलंसच," एनिड म्हणाली.

मुलीला हसावं की नाही ते कळेना. "सांगावं लागतं, आंटी," ती म्हणाली.

लायनेल बाहेर उभा होता. केस पांढरे व्हायला लागले होते, मान बापासारखीच. फिशकेकचा डबा त्यानं आधी ताब्यात घेतला आणि मग आईला मिठी मारली. गाडीत तो अखंड बोलत होता. वळण जवळ आलं तसा गप्प झाला.

"थांबव," एनिड म्हणाली.

सरडा तिला आठवत होता त्यापेक्षा जाडजूड झाला होता. चौतीस वर्षांत बेट सोडून गेलेले सगळे लोक त्याच्या अंगावर चढले होते. शेपटीकडे रंगाचा एक टवका उडाला होता, तिथे थर दिसत होते, पांढरा, पिवळा, निळा, परत पांढरा, कितीतरी. तिनं वाकून तिथे बोट लावलं. हिरवे दोन-तीन होते. त्यातला विल्फ्रेडचा कुठला, ते काही सांगता येत नव्हतं.

लायनेल शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं दुसरीकडे पाहिलं नाही.

"मला वाटलं तू डबा घेऊन येशील," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होता?"

"शेडमध्ये तर असायचा. कितीदा हलवून बघितलाय मी."

"आणला होता. विमानवाल्यांनी ठेवून घेतला."

"इथल्या दुकानात मिळतो रंग. हवा तो."

एनिडनं हात झटकला, फ्रॉकला पुसला. बोटाला लागलं काहीच नव्हतं.

"चौदा तारखेला अजून महिना आहे," ती म्हणाली. "चल, आधी कण्हेर दाखव."